‘छेदलेला व्यवहार’: व्यवहार विश्लेषणाचा रुग्णकक्षापासून विद्यापीठापर्यंतचा प्रवास

पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी विचारते, ‘‘सर, दुसऱ्या प्रकरणावर आपला अभिप्राय कधीपर्यंत मिळेल?’’ उत्तर येते, ‘‘मोठ्यांच्या मागे असा तगादा लावायचा नसतो.’’ विचारली होती तारीख. मिळाली ती समज. माणसांमधली बोलण्याची देवाणघेवाण तपासणारी ‘व्यवहार विश्लेषण’ ही पद्धत घडवणारे मनोविकारतज्ज्ञ एरिक बर्न यांच्या परिभाषेत हा ‘छेदलेला व्यवहार’ होय, कारण तिच्यातल्या प्रौढाने त्यांच्यातल्या प्रौढाला विचारलेल्या प्रश्नाला पालकाने बालकाला द्यावे तसे उत्तर मिळाले. असे झाले की मूळ विषयावरचे बोलणे तुटते, हा बर्न यांच्या संवादाच्या नियमांपैकी दुसरा नियम.

१९१० साली माँट्रियल येथे जन्मलेल्या बर्न यांनी मनोविश्लेषणाचे दीर्घ प्रशिक्षण घेतले होते. तरीही १९५६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मनोविश्लेषण संस्थेने त्यांना सदस्यत्व नाकारले, आणि त्यानंतर त्यांनी स्वतःची वाट धरली. त्यांच्या लेखनात एका वकिलाची हकिगत येते. नामांकित वकील असलेला हा रुग्ण म्हणे, ‘‘मी खरा वकील नाहीच, मी एक लहान मुलगा आहे.’’ एकाच माणसात कर्तबगार प्रौढ आणि लहान मूल आळीपाळीने बोलतात, हे त्याच्या बोलण्यातून बर्न यांना स्पष्ट दिसले. त्यात पालकाची भर पडून पालक, प्रौढ आणि बालक या तीन अहं-अवस्थांची, म्हणजे विचार, भावना आणि वागणे यांच्या तीन ठेवणींची, मांडणी उभी राहिली, जी १९६१ साली ग्रंथरूपाने आली. रुग्णालाही समजेल अशाच साध्या शब्दांत बोलायचे, हा बर्न यांचा आग्रह मला या पद्धतीचा गाभाच वाटतो.

१९७० साली बर्न यांचे निधन झाले. पुढे मानसोपचार, समुपदेशन आणि संघटना यांच्याबरोबर शिक्षण हेही व्यवहार विश्लेषणाचे स्वतंत्र क्षेत्र मानले गेले. उच्च शिक्षणासाठी त्यातली सर्वांत मोलाची कल्पना मात्र याच पद्धतीच्या अभ्यासक फनिता इंग्लिश यांनी १९७५ साली मांडली. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी यांच्यातील करारात आयोजक संस्था हा तिसरा कोन असतो, आणि तो उघड बोलला गेला नाही तर प्रत्येक जण इतरांविषयी मनानेच अपेक्षा रचत बसतो, असे त्यांचे निरीक्षण होते. वरच्या प्रसंगातही विद्यापीठ न दिसता हजर आहे: प्रबंध सादर करण्याची मुदत त्याने ठरवलेली असते, परंतु एक प्रकरण मार्गदर्शकांनी किती दिवसांत वाचून परत द्यायचे, हे नोंदणीच्या दिवशी तिघांपैकी कोणीच बोललेले नसते.