चाकाचा एक खटका आणि पानाची उडी

माउसचे चाक बोटाला सलग फिरल्यासारखे वाटते, पण बहुतेक माउसमध्ये ते खटक्याखटक्याने पुढे जाते. एका पूर्ण फेरीत साधारण २४ खटके, म्हणजे दर खटक्याला १५ अंश. साधा माउस संगणकाला फक्त खटका पडल्याची वर्दी देतो. दोन खटक्यांच्या मध्ये चाक कुठवर आले होते, हे त्याला सांगताच येत नाही.

विंडोज या एका खटक्याला १२० हे मूल्य देते आणि मूळ सेटिंगनुसार त्याच्या तीन ओळी धरते. क्रोममध्ये त्याचे सुमारे १०० पिक्सेल होतात. पानावरच्या दोन ओळींमध्ये २४ पिक्सेलचे अंतर असेल, तर मजकूर एका दमात चार ओळी वर जातो. डोळ्यांची पंचाईत इथेच होते. मजकुराच्या ओळी दिसायला सारख्याच असतात. मधला प्रवास दिसला नाही, तर आपली ओळ नेमकी कुठे गेली हे पटकन जुळत नाही आणि दर खटक्याला ती नव्याने शोधावी लागते.

‘स्मूथ स्क्रोलिंग’ ही उडी थोड्या वेळात वाटून देते. समजा, १०० पिक्सेल १५० मिलिसेकंदांत सरकवायचे आहेत. ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे (फ्रेम) दाखवणारा, पडदा तेवढ्यात ९ फ्रेम दाखवतो, म्हणजे दर फ्रेमला सरासरी ११ पिक्सेल. १४४ हर्ट्झवर २१ फ्रेम मिळतात आणि पाऊल पाच पिक्सेलच्या आत येते. म्हणून रिफ्रेश रेट, म्हणजे हा हर्ट्झचा आकडा, वाढला की जो फरक डोळ्यांना जाणवतो, तो कुठल्याही सॉफ्टवेअरने येत नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालू राहिलेला असणे, हे तर नेहमीचेच. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन आकडा तपासा. बाकी सगळे त्यानंतर.

दोष कुठे आहे हे ओळखायची सोपी चाचणी आहे. पानाच्या कडेची स्क्रोलबार माउसने धरून हळू ओढा. तरीही पान अडखळत असेल, तर चाक निर्दोष आहे. ग्राफिक्स किंवा ते संकेतस्थळच मागे पडते आहे. अशा वेळी ब्राउझरच्या सिस्टिम सेटिंगमध्ये ग्राफिक्स अॅक्सेलरेशन (पान रेखाटण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारी सोय) सुरू आहे का ते पाहा. एकच संकेतस्थळ अडखळत असेल, तर त्याची स्क्रिप्ट, म्हणजे पानाबरोबर चालणारा छोटा प्रोग्राम, चाकाचा प्रत्येक संदेश स्वतः तपासत असण्याची शक्यता मोठी. तिचे काम संपेपर्यंत ब्राउझरला पान हलवता येत नाही. हा त्रास कमी करण्यासाठी क्रोमने २०१९ मध्ये, ७३ व्या आवृत्तीपासून, अख्ख्या पानाला जोडलेल्या अशा स्क्रिप्टसाठी मूळ वागणूकच बदलली: स्क्रिप्टने वेगळे सांगितले नसेल, तर तिची वाट न पाहता पान सरकते.

स्क्रोलबारने पान छान सरकते आणि चाकाने मात्र उड्या मारते, असे असेल तर सेटिंगकडे वळा. विंडोज ११ मध्ये अॅक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स इथले ‘अॅनिमेशन इफेक्ट्स’ बंद असेल, तर क्रोम मुकाट्याने स्मूथ स्क्रोलिंगही बंद ठेवतो. संगणक वेगवान व्हावा म्हणून हे बटण बंद केले जाते आणि पुढे त्याची आठवण राहत नाही. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या जनरल विभागात खाली ‘यूज स्मूथ स्क्रोलिंग’ अशी चौकट आहे. फायरफॉक्समध्येच एका खटक्याची उडीही लहान करता येते: अॅड्रेस बारमध्ये ‘अबाउट:कॉन्फिग’ उघडा, ‘माउसव्हील डॉट डिफॉल्ट’ने सुरू होणारे आणि ‘मल्टिप्लायर अंडरस्कोर वाय’ने संपणारे मूल्य शोधा आणि १०० चे ६० करून पाहा. लांब लेख वाचणाऱ्याला लहान उडी अॅनिमेशनपेक्षाही जास्त सुख देते. मॅकवर खटक्यांचा माउस वापरणाऱ्यांसाठी ‘मॉस’ हे मोफत साधन आहे.

अॅनिमेशनचा काळ वाढवण्याचा मोह मात्र आवरा. ४०० मिलिसेकंदांवर पान बघायला मखमली वाटते, पण बोट थांबल्यावरही ते सरकत राहते आणि हवी ती ओळ हातून निसटते. १०० ते २०० च्या मध्ये राहिलेले बरे. ब्राउझरची सोय सुरू असताना वर आणखी एखादे स्मूथ स्क्रोलिंगचे एक्स्टेन्शन घातले, तर दोघे एकाच खटक्यावर काम करू लागतात आणि पान तरंगल्यासारखे होते. दोहोंतले एकच ठेवा.

कितीही केले, तरी हा सगळा मुलामा. खरी बारीक मोजणी चाकातच हवी. काही माउस एका खटक्याचे आठ भाग मोजतात आणि दर भागाला १२० ऐवजी १५ पाठवतात. मग पान बोटाबरोबर चालते, त्याच्या मागून नाही. विंडोजमध्ये ही सोय व्हिस्टापासून आहे; लिनक्समध्ये ती २०१९ च्या ५.० कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आली. जुने प्रोग्राम इथे फसतात. काही जण १२० पेक्षा लहान मूल्य सोडून देतात, म्हणून चाक हळू फिरवल्यावर काहीच हलत नाही. काही जण फक्त दिशा बघतात आणि १५ लाही पूर्ण खटका समजतात, म्हणून पान आठपट पळते. अशा प्रोग्रामसाठी माउसच्या सॉफ्टवेअरमधून बारीक मोजणी बंद ठेवावी.

पान खाली जाता जाता मध्येच वर उडत असेल, तर ते दुखणे वेगळे. चाकाच्या आसावर एन्कोडर नावाचा छोटा भाग असतो. त्यातून दोन संकेत निघतात, एक दुसऱ्यापेक्षा पाव आवर्तन मागे. कोणता आधी आला यावरून दिशा ठरते. यांत्रिक एन्कोडरमधले संपर्क झिजले किंवा धूळ बसली, की संकेत थरथरतात, क्रम उलटा वाचला जातो आणि पान उलट्या दिशेने जाते. माउस संगणकापासून वेगळा करून चाकाच्या फटीत हवेचा फवारा मारा. त्याने भागले नाही, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब एन्कोडरमध्ये सोडा, चाक दोन्ही दिशांना फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. ऑप्टिकल एन्कोडरमध्ये संपर्क नसतात. तिथे प्रकाशाच्या वाटेत अडकलेला केस काढला की बहुधा काम होते.

झिजलेला एन्कोडर बदलायचा झाल्यास तीन पायांचे सोल्डरचे डाग काढून नवा डागावा लागतो. विकत घेण्यापूर्वी जुन्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. ७, ९, ११ अशा वेगवेगळ्या उंचीचे एन्कोडर मिळतात. उंची चुकली, तर चाक कवचाला घासते किंवा मधल्या बटणाचा दाब नीट बसत नाही.