कोनशिलेवर राज्यपाल का? रेडक्रॉसच्या राज्य शाखांमागची गोष्ट

रेडक्रॉसच्या राज्य शाखेचा वर्धापनदिन असो की नव्या मुख्यालयाचं उद्घाटन, कोनशिलेवर पहिलं नाव बहुधा राज्यपालांचं असतं. राज्यपाल शाखेचे पदसिद्ध अध्यक्ष. जिल्ह्याला जा, तिथे अध्यक्षांच्या खुर्चीत जिल्हाधिकारी. देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालणाऱ्या संस्थेत हा सरकारी थाट आला कुठून? त्याचं उत्तर रेडक्रॉस जिथे जन्मली त्या जिनिव्हात शोधून उपयोग नाही. ते इराकमधल्या बसऱ्याच्या धक्क्यावर सापडतं.

जिनिव्हाची गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते: २४ जून १८५९ची सोल्फेरिनोची लढाई, रणांगणावर टाकून दिलेले जखमी, ते पाहून हादरलेला व्यापारी हेन्री ड्युनंट, १८६३ची रेडक्रॉस समिती, १८६४चा जखमी सैनिकांविषयीचा करार. हिंदुस्थानला मात्र १९१४मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा स्वतःची रेडक्रॉस संस्थाच नव्हती. सेंट जॉन ही प्रथमोपचाराचं काम करणारी संस्था आणि ब्रिटिश रेडक्रॉस यांच्या हिंदी शाखांनी मिळून एक संयुक्त युद्ध समिती उभी केली आणि काम तिच्या नावावर चाललं.

या समितीची किती निकड होती, ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, दिसलं. नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांशी लढताना हिंदी फौजेला जबर मार बसला. टायग्रिस नदीतून जखमींना खाली आणायला पुरेशा रुग्णनौका नव्हत्या. मिळेल त्या बोटीवर, पडावावर माणसं रचली गेली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले मेजर कार्टर बसऱ्याला ‘वरेला’ या रुग्णनौकेवर होते. जखमींनी भरलेली ‘मेजिदिये’ नावाची बोट येताना त्यांना दिसली. लांबून वाटलं, बोटीच्या कडांवरून दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे. डेकवर हलायलाही जागा नसलेल्या, हगवणीने बेजार झालेल्या माणसांची. कार्टर यांनी तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली. चौकशी आयोगाचा अहवाल १९१७मध्ये बाहेर आला, तेव्हा ब्रिटिश मंत्रिमंडळातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

ही फौज परकी नव्हती. माघार घेताना टायग्रिसकाठच्या कूत या गावाला वेढा पडला, तेव्हा १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी आत अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. पुढच्या तुर्की कैदेतून किती घरी परतले, हा सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक घरांचा प्रश्न होता. जखमींच्या बोटी मुंबई बंदराला लागत. आज आपण ज्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, ती नवीकोरी इमारत तेव्हा लष्करी इस्पितळ होती. वस्तुसंग्रहालय म्हणून ती १९२२मध्ये उघडली.

सरकारी व्यवस्था अशी उघडी पडल्यावर लोकांच्या वर्गणीला निराळंच मोल आलं. संयुक्त समितीने तिच्यातून औषधं, कपडे, रुग्णवाहक मोटारबोटी पुरवल्या. आणि युद्ध संपलं तेव्हा समितीच्या हातात पैसा शिल्लक होता.

या शिल्लक पैशाचं करायचं काय, यातून भारतीय रेडक्रॉस जन्मली. मी हे थट्टेने म्हणत नाही. १९२०च्या १५व्या कायद्याचं लांबलचक शीर्षक वाचलं की तेच दिसतं: गेल्या युद्धात आजारी आणि जखमींच्या मदतीसाठी जनतेकडून आलेल्या रकमा व भेटवस्तू, विशेषतः संयुक्त युद्ध समितीकडची मालमत्ता, यांच्या पुढच्या व्यवस्थेसाठी हा कायदा. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले सर क्लॉड हिल यांनी ३ मार्च १९२०ला विधेयक मांडलं. ते स्वतःच संयुक्त समितीचे अध्यक्ष होते. १७ मार्चला ते मंजूर झालं, २०ला गव्हर्नर जनरलची संमती मिळाली आणि ७ जूनला ५० सभासदांची संस्था रीतसर उभी राहिली. जिनिव्हाच्या समितीची मान्यता यायला मात्र १९२९ उजाडलं.

म्हणजे आधी कार्यकर्ते, मग संस्था, मग सरकारदरबारी नोंदणी हा नेहमीचा क्रम इथे नव्हताच. आधी पैसा, मग कायदा, आणि कायद्याच्या पोटातून प्रांतिक शाखा. प्रांताचा प्रमुख गव्हर्नर, म्हणून राज्यपालांची खुर्ची तिथूनच आली. याचा फायदा असा की आपत्तीत सरकारी दारं चटकन उघडतात. तोटाही तोच: पुष्कळ ठिकाणी ही लोकांची संस्था न वाटता कलेक्टर कचेरीतलं आणखी एक टेबल वाटते.

शाखा प्रांताला बांधलेली, म्हणून नकाशा बदलला की शाखेचा मुलूखही बदलणार. मुंबई इलाख्यातून १९३६मध्ये सिंध गेला. १९६०मध्ये गुजरात वेगळा झाला आणि ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आलं. त्यामुळे एखादी शाखा आपलं वय सांगते तेव्हा ते कुठून मोजलंय, हे विचारायला हरकत नसावी. कायद्याच्या हिशेबाने शंभरी भरली ७ जून २०२०ला, ऐन टाळेबंदीत.

महाराष्ट्र शाखेचा पत्ता मात्र मुंबईकराला न शोधता सापडेल: फोर्टातलं टाउन हॉलचं आवार, एशियाटिकच्या त्या प्रसिद्ध पायऱ्यांच्या शेजारी. १८३३मध्ये पुऱ्या झालेल्या या टाउन हॉलसाठी सुरुवातीला लॉटरी काढून पैसा जमवायचा घाट घातला होता. तो पुरला नाही, उरलेला खर्च कंपनी सरकारने उचलला. वर्गणी आणि सरकार यांची गाठ या आवारात रेडक्रॉसच्या आधीपासूनच आहे म्हणायची.

नवं मुख्यालय बांधणाऱ्या कुठल्याही शाखेला आणखी एक नियम पाळावा लागतो. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस हे युद्धात ‘गोळी झाडू नका’ असं सांगणारं संरक्षणचिन्ह आहे. आपल्याकडे डॉक्टरांच्या गाड्यांपासून औषधांच्या दुकानांपर्यंत सगळे ते सर्रास वापरतात. १९६०च्या जिनिव्हा करार कायद्याने त्याला मनाई आहे आणि दंड आहे ५०० रुपयांपर्यंत, म्हणून कोणी घाबरत नाही. खुद्द रेडक्रॉस संस्थेलाही ओळखीपुरतं ते लहान आकारातच लावता येतं. दारावरच्या पाटीवर चालतं, छपरावर नाही.