जर्मनीत नोकरी लागली, आता ब्लू कार्डाचं काय? अर्ज, कागदपत्रं आणि पोचल्यानंतरचे नियम

ऑफर लेटर आलं की घरी पेढे वाटून होतात आणि दुसऱ्या दिवशी मला फोन येतो, "दादा, व्हिसाला कुठून सुरुवात करू?" माझे उलटे प्रश्न ठरलेले आहेत. करारात वर्षाचा पगार किती लिहिलाय? आणि डिग्री कुठल्या विद्यापीठाची? अर्ज अडतो तो बहुतेक वेळा या दोनांपैकी एका ठिकाणी.

आधी पगार. 2026 साठी ईयू ब्लू कार्डाची (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना) किमान मर्यादा वर्षाला 50,700 युरो आहे, म्हणजे महिन्याला 4,225. हा पगार कर आणि विमा कापण्याआधीचा, जर्मन भाषेत ‘ब्रुटो’. आपल्याकडच्या सीटीसीशी त्याची गल्लत करू नका. पीएफ, ग्रॅच्युइटी, ‘कामगिरीनुसार बोनस’ वगैरे मिळवून फुगवलेला आकडा इथे चालत नाही. करारात पक्का लिहिलेला पगार तेवढाच धरतात. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांना (आयटी, इंजिनीअरिंग, वैद्यकीय, शिक्षण इत्यादी) आणि पदवी मिळून तीन वर्षं न झालेल्यांना 45,934.20 युरोंची कमी मर्यादा लागू होते. हे आकडे पेन्शन विम्याच्या मर्यादेला बांधलेले असल्याने दर जानेवारीत बदलतात. 2025 मध्ये पहिला आकडा 48,300 होता. त्यामुळे वर्षअखेरीस सही केलेला काठावरचा करार नव्या वर्षात तोकडा पडू शकतो. अशा वेळी एचआरला सांगून सही करण्याआधीच रक्कम वाढवून घ्यावी. मागायला लाजू नका, परदेशी माणसं घेणाऱ्या कंपन्यांना हे ठाऊक असतं. करार किमान सहा महिन्यांचा हवा आणि काम तुमच्या शिक्षणाला साजेसं हवं.

आता डिग्री. जर्मन सरकारची ‘अनाबिन’ नावाची मोफत माहितीसूची आहे. तिथे दोन गोष्टी शोधून दोन्ही पानांची प्रिंट काढायची. एक, विद्यापीठासमोर ‘एच प्लस’ असा शेरा हवा. दोन, तुमच्या पदवीसमोर ‘एंटश्प्रिख्ट’ किंवा ‘ग्लाइशवेर्टिग’ हा शब्द हवा, म्हणजे ती जर्मन पदवीच्या तोडीची. गोंधळ होतो तो नावांमुळे. पुणे विद्यापीठाचं नाव 2014 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. त्याआधीच्या प्रमाणपत्रावर जुनं नाव असतं आणि माणूस यादीत भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. संलग्न कॉलेजमधून शिकलेल्यांनी कॉलेजचं नाव शोधू नये, प्रमाणपत्र ज्या विद्यापीठाने दिलं त्याचं शोधावं. पदवी सापडलीच नाही तर बॉनच्या ‘त्साब’ या कार्यालयाकडून पदवी-तुलनेचा दाखला मागवायचा. त्याची फी 208 युरो. आयटीतल्या अनुभवी माणसाकडे पदवी नसली तरी मार्ग आहे. गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा उच्च दर्जाचा अनुभव आणि कमी मर्यादेइतका पगार असेल तर ब्लू कार्ड मिळू शकतं.

तिसरा कागद कंपनीने भरायचा असतो, ‘एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस’. नाव लांबलचक आहे, पण मजकूर साधा: पद, काम, आठवड्याचे तास, पगार, रजा. तो आला की करार शेजारी ठेवून ओळीने ताडून बघा. करारात आठवड्याला 40 तास आणि फॉर्मात 38.5 असं दिसलं तर अर्ज देण्याआधीच दुरुस्त करून घ्या. नाहीतर खुलासा मागवतात आणि काही आठवडे हकनाक जातात.

बाकी कागदपत्रं नेहमीचीच. दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, बायोमेट्रिक फोटो, पदवी आणि गुणपत्रिका, बायोडेटा, पोचल्या दिवसापासूनचा आरोग्य विमा, आणि 75 युरो व्हिसा फी, ती रुपयांत भरायची. अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. कागद तपासून झाले की बोटांचे ठसे द्यायला जावं लागतं. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे येतात. एक कायमची डोकेदुखी म्हणजे पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला आणि मराठीत असेल तर त्याचं अधिकृत भाषांतर आधीच जोडा. आयत्या वेळी हे होत नाही.

अर्ज नाकारला गेला तर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराची विनंती करता यायची. 1 जुलै 2025 पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा, नाहीतर महिन्याभरात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. म्हणून पहिलाच अर्ज चोख हवा.

पगार ब्लू कार्डाइतका नसेल तर पदवीधरांसाठी साधा कुशल कामगार परवाना आहे. तिथे ठरावीक आकडा नाही, पण त्याच कामाला जर्मन माणसाला मिळतो तसा पगार आहे का, हे रोजगार खातं तपासतं. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना मात्र या परवान्यासाठी पगाराची किंवा पेन्शनची वेगळी अट आहे. नोकरीच नसेल तर जून 2024 पासून ‘चान्सेनकार्टे’ आहे, म्हणजे जर्मनीत जाऊन नोकरी शोधण्याचा परवाना. वय, अनुभव, भाषा यांचे मिळून किमान सहा गुण, जर्मन ए1 किंवा इंग्रजी बी2 (या भाषेच्या पातळ्या: ए1 सगळ्यात खालची, मग ए2, बी1, बी2), आणि वर्षभराच्या खर्चाची तजवीज (2025 च्या हिशेबाने महिन्याला 1,091 युरो). नोकरी शोधता शोधता आठवड्याला 20 तास काम करता येतं. माझं स्पष्ट मत, जर्मन बी1 पर्यंत नेल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. ए1 वर व्हिसा मिळतो, नोकरी क्वचितच. नर्सिंगचं गणित निराळं आहे. तिथे व्यवसायाची मान्यता राज्य पातळीवर मिळवावी लागते आणि साधारणपणे बी2 जर्मन लागतं. महाराष्ट्राने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आहे, पण भाषा आणि मान्यता यांतून त्या करारामुळेही कुणाची सुटका नाही.

पोचल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेत पत्त्याची नोंदणी करायची. घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. आणि त्याच दिवशी टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. इथला पोस्टमन घर क्रमांकापेक्षा पेटीवरचं नाव बघतो. नाव नसलं की कर क्रमांकाचं पत्र परत जातं आणि पहिल्या पगारातून जास्तीचा कर कापला जातो. परवान्याचं कार्ड परदेशी नागरिक कार्यालय देतं. पहिल्या 12 महिन्यांत नोकरी बदलली तर ब्लू कार्डधारकाने त्या कार्यालयाला कळवायचं असतं. नोकरी सुटली तर दोन आठवड्यांच्या आत कळवायचं. जर्मन बी1 असेल तर 21 महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, ए1 असेल तर 27.

कामाचे नियम बरेच कामगाराच्या बाजूचे आहेत. दिवसाला आठ तास, वाढवून दहापर्यंत, आणि दोन पाळ्यांमध्ये 11 तासांची विश्रांती. पाच दिवसांच्या आठवड्याला किमान 20 दिवस पगारी रजा. नोकरीत चार आठवडे झाल्यावर आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते, आणि ते दिवस रजेतून वजा होत नाहीत. हे ऐकून आपली माणसं दचकतात. तापात लॅपटॉप उघडून बसायची सवय इथे कुणी वाखाणत नाही.

परीक्षाकाळ (प्रोबेशन) जास्तीत जास्त सहा महिने, त्यात नोटीस दोन आठवड्यांची. एका ओळखीच्या मुलाला साहेबाने व्हॉट्सअॅपवर ‘उद्यापासून येऊ नकोस’ असं लिहिलं. तो बॅग भरायला लागला होता. जर्मन कायद्यात नोकरीवरून काढण्याचं पत्र कागदावर, शाईच्या सहीचं असावं लागतं. ईमेल, मेसेज, तोंडी निरोप, काहीच चालत नाही. त्याने इतकंच केलं, दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेला. खरं पत्र आलं तर मात्र दोन गोष्टी लगेच करा. तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोंद, आणि दाद मागायची असेल तर तीन आठवड्यांच्या आत कामगार न्यायालयात दावा. एक दिवस उशीर झाला तरी सहसा हक्क जातो. मुदत पत्र मिळाल्यापासून मोजतात, तेव्हा पेटीतून काढल्याबरोबर पाकिटावर पेनाने तारीख टाका आणि फोटो काढून ठेवा.