सजगता उपचार आणि सोबतच्या गोळ्या

सजगता उपचार म्हणजे माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याचा, सराव हाच गाभा असलेले मानसोपचार, डिप्रेशन, चिंतेचे विकार, बायपोलर (कधी अति उत्साह, कधी टोकाची उदासी), कधी कधी सायकोसिसमध्येसुद्धा (भास-भ्रम होणारा आजार) ते देतात आणि बऱ्याचदा औषधांच्या जोडीने देतात. हा "जोडीने" शब्द नाशिककरांनी नीट धरून ठेवावा, कारण आपल्याकडे ध्यान म्हटलं की पहिली इगतपुरीच आठवते, तिथल्या विपश्यना केंद्रामुळे, आणि मग घरातलंच कुणीतरी म्हणतं की दहा दिवस बसून ये, गोळ्या सुटतील.

सुरुवात अमेरिकेतली. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी कोर्स काढला, जो आता आठ आठवड्यांचा असतो, बौद्ध ध्यानातलं तंत्र घेतलं पण धर्म बाजूला ठेवला. पुढे झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी त्याला कॉग्निटिव्ह थेरपीची (विचारांच्या सवयींवर काम करणाऱ्या उपचाराची) जोड दिली, तीच एमबीसीटी, आणि तिचा उद्देश नेमका आहे, बरं झालेलं डिप्रेशन परत उलटू नये. २००० सालच्या त्यांच्या अभ्यासात ज्यांना आधी तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलं होतं त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के लोकांना ते परत आलं, एमबीसीटी घेणाऱ्यांत ३७ टक्के. दोनदाच येऊन गेलेल्यांना मात्र असा फायदा दिसला नाही.

कोर्सचा पहिला धडा एका मनुक्याचा असतो. एकच मनुका हातावर घ्यायचा, सुरकुत्या बघायच्या, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा, मग सावकाश चावायचा. द्राक्षाच्या जिल्ह्यात राहून आपण मनुके मूठभर तोंडात टाकतो त्यामुळे हे पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण मन किती आपोआप पळत असतं ते त्या दोन-चार मिनिटांत कळतं. मग पायापासून डोक्यापर्यंत शरीराकडे लक्ष देणं, श्वास, चालण्याचा सराव, आणि तीन मिनिटांचा छोटा विराम जो कुठेही घेता येतो, सातपूर-अंबडच्या कंपनीत शिफ्टच्या मधेही. विचार हा फक्त विचार आहे, तो खराच असेल असं नाही, हे ओळखायला शिकणं हा सगळ्याचा मुद्दा. अवकाळीने बाग झोपली की "मी संपलो" हा विचार येतोच, तो विचार म्हणून दिसला तर माणूस त्यात बुडत नाही. कर्ज मात्र तसंच राहतं, ते काही ध्यानाने फिटत नाही, म्हणून असल्या कुटुंबाला नुसता श्वास बघायला सांगून घरी पाठवणं मला तरी अन्याय वाटतो.

आता गोळ्यांचं. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ४२४ जणांचा अभ्यास आला, एका गटाने डिप्रेशनच्या गोळ्या चालू ठेवल्या, दुसऱ्याने एमबीसीटी करत डॉक्टरांच्या मदतीने त्या हळूहळू कमी केल्या, आणि दोन वर्षांत डिप्रेशन परत येण्याचं प्रमाण ४७ आणि ४४ टक्के म्हणजे जवळपास सारखंच निघालं. यावरून लोक "गोळ्यांची गरजच नाही" असा अर्थ काढतात आणि "डॉक्टरांच्या मदतीने, हळूहळू" हे शब्द गाळतात. गोळी एकदम बंद केली तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, डोक्यात करंट गेल्यासारखं होणं असले त्रास होऊ शकतात, आणि बायपोलरमध्ये लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध अचानक थांबवलं तर मॅनिया, म्हणजे अति उत्साहाचा झटका, उसळण्याचा धोका खरा आहे.

उलट गोळ्यांमुळे सरावातही फरक करावा लागतो. गुंगी आणणारं औषध असेल तर आडवं पडून सराव केला की झोपच लागते, मग बसून, डोळे उघडे ठेवून करायचं. काही सायकोसिसच्या औषधांनी पाय स्वस्थ राहत नाहीत, त्या माणसाला "हलू नका" म्हणणं म्हणजे छळ, त्याने चालत करावं, आणि ही अस्वस्थता डॉक्टरांच्या कानावर घालावी कारण डोस बदलून ती कमी होऊ शकते. भासाचे आवाज ऐकू येणाऱ्यांसाठी मानसशास्त्रज्ञ पॉल चॅडविक यांनी वापरलेली पद्धत दहा मिनिटांच्या आतबाहेरची असते आणि लांब शांतता नसते, मार्गदर्शक मधेमधे बोलत राहतो.

इगतपुरीचं धम्मगिरी याहून वेगळं आहे. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं हे विपश्यना केंद्र १९७६ पासून चालू आहे, तिथे दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा आणि दिवसाला दहा तासांच्या आसपास ध्यान. हजारो लोकांना त्याचा फायदा वाटतो, मी त्याबद्दल वाईट बोलणार नाही, पण विपश्यना हा वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी आम्ही ती सुचवत नाही, असं ही परंपरा स्वतःच सांगते. झोप तुटली की बायपोलरचा आजार उसळू शकतो, त्यामुळे फॉर्म भरताना आजार आणि गोळ्या लपवू नयेत.

सुरुवात कुठून करायची तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे. पुढचं पाऊल सुचत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.