पॅरामीशियमचं नाव ठरवताना: बाह्याकार, केंद्रक आणि जोडीदार

ठाण्यातल्या मासुंदा किंवा उपवन तलावाच्या काठची कुजकी पानं पाण्यासकट बरणीत चार-पाच दिवस ठेवली, की त्यात पॅरामीशियम हा एकपेशीय सूक्ष्मजीव बहुधा सापडतोच. तो नेमका कोणत्या जातीचा, हा प्रश्न मात्र दोनशे वर्षं चिघळत राहिला.

अठराव्या शतकात ओटो फ्रीडरिश म्यूलर यांनी अशा जीवांना पद्धतशीर वर्गीकरणात आणलं. १८३०च्या दशकात एहरेनबर्ग यांनी कॉडेटम ही पॅरामीशियमची जात वेगळी काढली. दोघांचाही आधार बाह्याकार. आजही सुरुवात तिथूनच होते: कॉडेटम साधारण १७० ते ३०० मायक्रोमीटर, मागचं टोक निमुळतं, ऑरेलिया ही दुसरी जात आखूड, टोक गोलसर. पण कव्हरस्लिपखालचं (नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेखालचं) पाणी आटलं की पेशी चपटी होते, लांबी फुगते, टोकाचा आकार बिघडतो. म्हणून कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलिनचे बारीक ठिपके द्यावेत आणि पेशी दबण्याआधीच मोजाव्यात. नेत्रिकेतली (डोळा लावायच्या भिंगातली) मोजपट्टी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी (नमुन्याकडच्या भिंगासाठी) वेगळी पडताळावी लागते.

१८८०च्या दशकात एमिल मोपा यांनी केंद्रकांकडे लक्ष वेधलं. पॅरामीशियममध्ये एक मोठं बृहत्केंद्रक आणि छोटी लघुकेंद्रकं असतात. कॉडेटममध्ये लघुकेंद्रक एक आणि ठसठशीत, ऑरेलियात दोन आणि फारच बारीक. एक टक्का ॲसिटिक ॲसिडमध्ये केलेलं एक टक्का मिथाइल ग्रीन हे रंगद्रव्य कव्हरस्लिपच्या कडेने एक थेंब सोडलं की बृहत्केंद्रक हिरवं होतं. घोळ इथेच होतो. लघुकेंद्रक त्याला चिकटून किंवा त्याच्याखाली असेल तर झाकलं जातं, आणि दोनाचं एक दिसतं. एका पेशीवरून निकाल देऊ नये. निदान वीस पेशी पाहाव्यात.

विसाव्या शतकात क्लाइन, तसेच शातोँ-ल्वोफ यांच्या रजत-रंजनाने (चांदीच्या क्षारांनी रंगवण्याने) पक्ष्माभिकांच्या, म्हणजे पेशीवरच्या बारीक केसांच्या, ओळी उमटू लागल्या. 

ऑरेलियाची गाठ मात्र त्यानेही सुटली नाही. १९३७मध्ये ट्रेसी सॉनबॉर्न यांना ऑरेलियात संयुग्मनाचे (दोन पेशींनी चिकटून केंद्रकांची देवाणघेवाण करण्याचे) ठरावीक प्रकार सापडले, म्हणजे कोणती पेशी कोणाशी जोडी जमवते ते कळलं, आणि दिसायला सारखे असलेले गट एकमेकांत प्रजननच करत नाहीत, हे उघड झालं. १९७५मध्ये त्यांनी अशा चौदा जातींना प्रायमऑरेलिया, बायऑरेलिया, टेट्राऑरेलिया अशी नावं दिली. पुढे त्यांत भर पडली. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगळ्या काढता येत नाहीत. तिथे 'ऑरेलिया गट' एवढंच लिहिणं प्रामाणिक.

पुढे जायचं तर डीएनए-क्रम तपासावा लागतो किंवा ज्ञात प्रकारांशी संयुग्मन करून पाहावं लागतं. त्यासाठी बारीक पिपेटने एकच पेशी उचलून तिच्यापासून वाढ करावी. भरपूर जिवाणू खाऊन नुकत्याच किंचित उपाशी पडलेल्या पेशीच संयुग्मनाला तयार होतात. धष्टपुष्ट पेशी एकत्र आणल्या तर काहीच घडत नाही, आणि जाती वेगळ्या आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघतो.