घरगुती व्हीपीएन

घरगुती व्हीपीएन म्हणजे घर आणि दुकान, किंवा घर आणि ऑफिस, यांच्यामध्ये साध्या इंटरनेटवरूनच टाकलेला खाजगी रस्ता, ज्याच्या आतून काय चाललंय ते मधल्या कुणाला वाचता येत नाही. पूर्ण नाव व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, पण तसं कुणी म्हणत नाही. जनावरांच्या बाजारात पूर्वी उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायचे ना, तसंच समजा. दोघांचा सौदा चाललाय हे सगळ्यांना दिसतं, आकडा काय ते कळत नाही. केबलवाल्यालाही तेवढंच दिसतं, की तुम्ही कुठल्या सर्व्हरशी बोलताय आणि किती डेटा जातोय, बास.

सांगलीत याचे दोन गिऱ्हाईक. एक म्हणजे विश्रामबाग, मिरज भागात घरून काम करणारी आयटीवाली पोरं, त्यांना कंपनीच व्हीपीएन देते, त्यांनी फक्त पासवर्ड टाकायचा. दुसरे आपले व्यापारी, म्हणजे हळद, बेदाणा, गूळ, किराणा. यांची टॅली दुकानातल्या कॉम्प्युटरवर आणि रात्री हिशोब बघायचाय घरी. खरी मारामारी या दुसऱ्यांची, आणि पुढचं बरंचसं त्यांच्यासाठीच आहे. (परदेशी सिरीयल बघायला महिन्याचे पैसे भरून घेतात ते व्हीपीएन वेगळं, त्यात दुकान दिसणार नाही.)

रस्ता बनवायचे प्रकार बरेच. पीपीटीपी सगळ्यात जुना, जुन्या राऊटरमध्ये अजून दिसतो, पण त्याचं कुलूप कधीच फुटलंय, २०१६ मध्ये ॲपलने आयफोनमधून काढूनही टाकला, तेव्हा हात लावू नये. ओपनव्हीपीएन २००१ पासूनचं, भरवशाचं पण सेटिंग लै. सध्या घरासाठी वायरगार्ड घ्यावं, मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत ते आतच आलं, छोटं आहे, वेगवान आहे. दोन्हीकडे किल्ल्यांची जोडी बनते, खाजगी किल्ली आपल्याकडेच ठेवायची आणि सार्वजनिक किल्ली समोरच्याला द्यायची. नवशिके इथेच उलटं करतात, स्वतःचीच सार्वजनिक किल्ली स्वतःच्याच फाईलमध्ये समोरच्याच्या जागी टाकतात आणि मग तासभर बघत बसतात.

आता मुख्य दुखणं. यूट्यूबवरचे व्हिडिओ सांगतात की राऊटरमध्ये ५१८२० नंबरचा यूडीपी पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून त्या दारावर येणारं राऊटरने आतल्या कॉम्प्युटरकडे सोडायचं, झालं. होत नाही. कारण आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून सापडणारा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) नसतोच, कंपनी एका आयपीमागे बरीच घरं बसवते, त्याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे अपार्टमेंटचा पत्ता आहे पण फ्लॅट नंबर नाही, पोस्टमन खालूनच परत. ओळखायचं सोपं आहे. राऊटरच्या पानावर वॅन आयपी (राऊटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघा आणि गूगलवर आपला आयपी विचारून बघा, दोन्ही सारखे नसतील तर पुढे कुणीतरी नॅट करतंय, म्हणजे मध्येच पत्ता बदलतंय. वॅन आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानेही सुरू होत असेल तर नक्कीच सीजीनॅट, ती रेंज २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवलीय. वॅन आयपी १९२.१६८ वाला असेल तर आधी घरातच बघा, कंपनीच्या डब्याच्या मागे आपण आणलेला दुसरा राऊटर लावलेला असतो, तेव्हा पहिला ब्रिज मोडला टाकून घ्यावा, म्हणजे तो स्वतः नॅट न करता नुसतं पुढे सोडतो.

सीजीनॅट असेल तर दुकानाच्या कनेक्शनवर पब्लिक आयपी मागावा. मी मागितला तेव्हा केबलवाला म्हणाला, "दादा, नेट तर चालू हाय की!" त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं म्हणा. शेवटी वर्षाचे जादा पैसे घेऊन दिला, आणि पुढच्या वर्षी रिन्यूच्या दिवशी न सांगता बदलला, मी अख्खा रविवार किल्ल्या तपासत बसलो. तेव्हापासून आकड्याऐवजी डायनॅमिक डीएनएसचं नाव टाकतो, आकडा बदलला तरी ते नाव नव्या आकड्याकडेच नेतं. हा घोळच नको असेल तर टेलस्केल वापरा, आतून वायरगार्डच आहे पण दोन्ही टोकं बाहेरच्या सर्व्हरकडून एकमेकांचा पत्ता घेतात आणि नॅटमधून वाट काढतात, नाहीच निघाली तर रिलेवरून हळू का होईना पण चालतं. दुकानदाराला मी आता सरळ हेच सांगतो.

पुढची हमखास चूक, दुकानाच्या राऊटरची आतल्या पत्त्यांची रेंज पण १९२.१६८.१ आणि घरची पण १९२.१६८.१. बोगदा (म्हणजे तो खाजगी रस्ताच) जोडलेला दिसतो पण टॅलीचा कॉम्प्युटर सापडत नाही, कारण घरचा लॅपटॉप त्याला घरातच शोधतोय. दुकानाची रेंज बदलून १९२.१६८.४७ असं काहीतरी आडनिडं ठेवावं. बदलल्यावर प्रिंटर बंद पडतो, त्याला नवीन आयपी द्यायचा, घाबरायचं नाही.

जोडलं जात नाही तेव्हा आधी हँडशेक बघायचा, म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांच्या किल्ल्या पटवून घेतल्या का ते. वायरगार्ड मौनी आहे, किल्ली चुकली तर एरर देत नाही, उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट उघडा आहे का सांगणाऱ्या वेबसाईटही इथे काही कामाच्या नाहीत. शेवटचा हँडशेक कधी झाला ते दिसतं, काहीच दिसत नसेल तर आयपी, पोर्ट, किल्ली, नाहीतर घड्याळ. आणि टेस्ट दुकानाच्याच वायफायवर बसून करू नका, मोबाईलचा डेटा चालू करून करा.

घड्याळाचं कुणाच्या डोक्यात येत नाही. वायरगार्डच्या पहिल्या निरोपात वेळ असते, आणि आधी आलेल्या वेळेपेक्षा जुनी वेळ आली की सर्व्हर तो निरोप टाकून देतो. आता दुकानात रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) बसवलाय आणि तो बाहेरच्या सर्व्हरला जोडतो असं धरा. त्याच्या चौथ्या पिढीपर्यंत बॅटरीचं घड्याळ नाहीच, लाईट जाऊन आली की तो तासाभरापूर्वीच्या वेळेत उठू शकतो. इंटरनेटवरून वेळ मिळाली की सुधारतो, पण सगळा ट्रॅफिक बोगद्यातूनच पाठवायचं सेटिंग असेल तर वेळ आणायलाही बोगदा लागतो, आणि बोगद्याला वेळ लागते. बसला अडकून! म्हणून फक्त दुकान आणि घराची रेंज बोगद्यात टाकावी, बाकीचं नेट नेहमीच्या वाटेने जाऊ द्यावं.

हँडशेक होतो, पिंग (समोरचा आहे का विचारणारी छोटी हाक) जातो, पण मोठं काही उघडलं की लटकतं, हे एमटीयूचं, म्हणजे एका पाकिटात किती बाइट मावतात त्याचं, लक्षण. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटचं, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणारं कनेक्शन) त्यातले ८ खातं, वायरगार्डचं वेष्टण ६० ते ८०. म्हणून वायरगार्ड १४२० धरतं, पण पीपीपीओई कनेक्शनवर आयपीव्ही६ (नवे लांब आयपी पत्ते) मधून गेलं तर १४१२ च उरतात. एमटीयू १२८० टाकून बघा, चाललं तर कारण सापडलं. आकडा पिंग होतोय पण नावाने साईट उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकडा शोधणारी सोय. थोडा वेळ गप्प बसलं की तुटतं, तर पर्सिस्टंट कीपअलाइव्ह, म्हणजे अधूनमधून हाक मारत राहायचं सेटिंग, २५ सेकंद ठेवा.

टॅलीबद्दल एक. बोगद्यातून डेटाचं फोल्डर उघडून टॅली चालवू नका, हळू तर चालतेच, वर मध्ये नेट तुटलं तर डेटा खराब व्हायची भीती. दुकानातल्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉप घ्यावा, म्हणजे त्याचा स्क्रीन घरी दिसतो आणि टॅली तिथेच चालते, त्याला विंडोज प्रो लागतं, होम चालत नाही. व्हीपीएनचा कंटाळा करून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडा ठेवणारे आहेत, डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले अशीच दारं शोधत फिरतात. आणि तो कॉम्प्युटर झोपता कामा नये, स्लीप बंद ठेवा, बायोसमध्ये लाईट आली की आपोआप सुरू व्हायचं सेटिंग असतं ते करा.

कायद्याचं विचारतात म्हणून, असा स्वतःचा बोगदा वापरण्यात बेकायदेशीर काही नाही. सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ ला काढलेला, पाच वर्षं ग्राहकांची माहिती ठेवायचा आदेश व्हीपीएन विकणाऱ्यांना आहे, दुकान-घर जोडणाऱ्याला नाही.

वेगाचा हिशोब दुकानाच्या अपलोडवर चालतो, डाउनलोडवर नाही. २० एमबीपीएस अपलोड असेल तर तासाला साधारण ९ जीबी, म्हणजे ३०० एमबीचं टॅलीचं फोल्डर दोनेक मिनिटांत घरी. २०१९ चा पूर बघितलेले हरभट रोड, मारुती चौकाकडचे काही दुकानदार याच कामासाठी व्हीपीएन ठेवतात, रोज रात्री बॅकअप वरच्या भागातल्या घरी. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, पण बॅकअपसाठी त्या आकड्याची वाट बघू नये, पेठेतली लाईट बंद केली की दुकानाकडून हँडशेकचं उत्तर येत नाही.