मराठवाड्यातल्या विजेची शिट्टी ६६० किलोमीटरवर

मे महिन्यात बीड-लातूरकडे वळीव कोसळतो तेव्हा प्रत्येक विजेतून काही हजार हर्ट्‌झच्या रेडिओ लहरीही निघतात. त्यांचा बराचसा भाग जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामध्ये अडकून दूरवर पसरतो. रात्री ही पोकळी सुमारे ८५ किलोमीटर उंच असते, त्यामुळे साधारण १.८ किलोहर्ट्‌झच्या जवळच्या लहरी रेंगाळतात आणि रिसीव्हरवर 'ट्वीक' हा छोटासा आवाज ऐकू येतो. अर्थात रिसीव्हर कृषिपंपाच्या लाइनजवळ ठेवला, तर ५० हर्ट्‌झची आणि तिच्या पटींची घरघर सगळं झाकून टाकते.

जमिनीवर शिट्टी, म्हणजे व्हिसलर (विजेच्या लहरींचा उंच सुरातून खाली उतरणारा आवाज), मात्र इथे सहसा मिळत नाही. तिला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेवरून दुसऱ्या गोलार्धात उतरावं लागतं. मराठवाडा चुंबकीय विषुववृत्ताला इतका जवळ आहे, की इथली रेषा काहीशे किलोमीटरवरच वाकून खाली येते. वाराणसी, नैनीताल, गुलमर्ग इथे व्हिसलर नोंदले गेले आहेत.

जी थोडी ऊर्जा आयनांबर भेदून वर निसटते, ती उपग्रहाला सापडते. दिवसा खालचा थर ती शोषून घेतो, म्हणून रात्रीची फेरी महत्त्वाची. फ्रान्सचा 'डेमेटर' हा उपग्रह २००४ ते २०१० या काळात आधी सुमारे ७१० आणि नंतर ६६० किलोमीटरवरून फिरत होता. तो सोडला होता भूकंपाशी संबंधित विद्युतचुंबकीय संकेत शोधायला. किल्लारी आठवणाऱ्यांना हे ओढ लावणारं वाटेल, पण भाकिताला पुरेल असा भरवशाचा संकेत त्यातून मिळाला नाही. व्हिसलर मात्र ढिगाने मिळाले.

प्लाझ्मात, म्हणजे वरच्या विद्युतभारित वायूत, उंच वारंवारता आधी पोहोचते, कमी वारंवारता मागून. लागणारा वेळ (सेकंदांत) = D भागिले वारंवारतेचं (हर्ट्‌झमध्ये) वर्गमूळ; D हा वाटेतल्या इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असलेला आकडा. D समजा १० धरला, तर ४ किलोहर्ट्‌झला ०.१६ सेकंद लागतात आणि १ किलोहर्ट्‌झला ०.३२. या वक्रावरून D काढला, की वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन होते याचा अंदाज बांधता येतो.

गडबड होते ती वेळ आडवी आणि वारंवारता उभी धरून आलेख काढताना. डेमेटरचे नमुने सेकंदाला ४०,००० होते. आलेखाच्या एका उभ्या पट्टीसाठी ८,१९२ नमुन्यांची खिडकी (एकत्र मोजलेला तुकडा) घेतली, तर ती ०.२ सेकंदाची होते आणि अख्खी शिट्टी एक-दोन उभ्या पट्ट्यांत गडप होते. ५१२ नमुने घेतले, तर पट्टी १२.८ मिलिसेकंदांची होते आणि वाक स्वच्छ दिसतो. वारंवारतेची बारकाई मात्र ७८ हर्ट्‌झपर्यंतच उरते, व्हिसलरसाठी तेवढी पुरते. आलेखात १८.२ किलोहर्ट्‌झवर दिसणारी सरळ आडवी रेघ निसर्गाची नव्हे. ती तमिळनाडूतल्या विजयनारायणम इथल्या नौदलाच्या प्रक्षेपकाची.